व्यंकोजींनी काढून ठेवलेली पानं

टॅरोच्या पत्त्यांवर तुमचा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विश्वास ठेवायला ते काय कुलदैवत आहे? अठ्ठ्याहत्तर चित्रं आहेत. सकाळचा चहा झाला की मी त्यातलं एक पान ओढते, चित्राकडे जरा वेळ बघते आणि आज आपल्या मनात काय चाललंय ते वहीत चार ओळी लिहिते. एवढंच. आमचे हे, म्हणजे पद्माकर, सरकारी कारखान्यात तेहेतीस वर्षं विमानांचे सुटे भाग तपासून निवृत्त झालेले इंजिनिअर. ते माझ्या पत्त्यांना 'हेमलताची रमी' म्हणतात. म्हणोत बापडे.

शनिवारी दुपारी मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटवर आठ-दहा पोरी शिकायला येतात. बहुतेक सगळ्या बेळ्ळंदूरच्या आयटी ऑफिसांतल्या, डोळ्यांखाली काळं आलेल्या, एक कान सतत फोनकडे. त्यांना मी पहिल्याच दिवशी बजावते, की लग्न कधी जमेल आणि व्हिसा कधी मिळेल हे इथं सांगितलं जात नाही, त्यासाठी पोपटवाला गाठा. इथं फक्त स्वतःशी खरं बोलायचं. हे वाक्य मी फार ऐटीत म्हणायचे. आता म्हणताना जीभ जरा अडखळते, आणि ते व्यंकोजींमुळे.

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी ते आमच्या दारात उभे राहिले. साठीचे, शिडशिडीत, पांढरा इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. हातात चिकपेटच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. मला वाटलं, साड्या विकायला आलेत. मी दारातूनच वाटेला लावणार होते.

"नमस्कार अक्का. मी व्यंकोजी. चिकपेटहून आलो, बसनं," ते म्हणाले. "हे स्वल्प वाचायला शिकवता का?"

पिशवीतून त्यांनी पत्त्यांचा डबा काढला. डब्यावर माझ्याच नावाचं आणि नंबराचं लेबल. मी माझ्या शनिवारच्या पोरींना लावून देते तेच.

त्यांची भाषा ऐकून मी जरा थबकले. मराठीच, पण आमच्या साताऱ्याकडची नव्हे. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे, कानडी मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी राहिली, पण कानडीच्या शेजारी राहून राहून ती लोणच्यासारखी मुरली. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. पाणी त्यांनी हातात धरलं आणि प्यायचं विसरले.

पत्ते त्यांच्या मुलीचे होते. अक्षरा. वय चोवीस, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत नोकरी, एकुलती एक. फेब्रुवारीत तिनं जे केलं ते मी इथं लिहिणार नाही. वेळेवर दार मोडलं म्हणून वाचली, एवढं पुरे. हॉस्पिटलातून, त्यांच्या भाषेत आस्पत्रीतून, घरी आली ती मुकी होऊन. घशाला काही झालेलं नव्हतं. बोलतच नव्हती. आईशी नाही, बापाशी नाही, डॉक्टरशीही नाही. दिलेली गोळी गिळायची, चार घास खायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. तेहेतीस दिवस झाले होते.

"डॉक्टर आहेत ना? औषध चालू आहे ना?" मी आधी तेच विचारलं.

"आहेत अक्का. चांगल्या बाई आहेत. दर आठवड्याला नेतो. त्या विचारतात, ही खाली बघते." मग त्यांनी पत्ते माझ्यापुढे सरकवले. "ह्यात बघून मला एकच सांगा. परत करेल का? माझी पोर राहील ना?"

मी भडकले. मला राग आला की समजावं, मी घाबरले आहे. हे मला साठाव्या वर्षी कळलंय. "हे पत्ते तसलं काही सांगत नाहीत," मी जोरातच म्हणाले.

"मग काय सांगतात?"

"काहीच सांगत नाहीत. चित्र बघून आपल्याला जे सुचतं ते आपण बोलायचं. जे एरवी तोंडातून निघत नाही, ते चित्राच्या निमित्तानं निघतं. कधीकधी."

त्यांनी पत्त्यांचा डबा परत स्वतःकडे ओढला. "सरी, बरं," ते म्हणाले. "म्हणजे ही माझ्या वाचायची नव्हेत. तिच्या बोलायची आहेत."

हे माझ्या शनिवारच्या पोरींना समजायला चार शनिवार लागतात.

त्यांनी मुलीचा फोटो दाखवला. माझ्या घरात, माझ्या समोर बसून ती शिकून गेली होती, पण मला चेहरा आठवेना. मी 'हो हो' म्हणाले. खोटं बोलले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. समोरचा बुडत होता आणि काडीला स्वतःचीच लाज वाटत होती. मी त्यांना रीत शिकवली: पत्ते पिसायचे, पालथे पसरायचे, एक ओढायला सांगायचं, घाई करायची नाही, अर्थ सांगत बसायचं नाही. त्यांनी सगळं दुकानाच्या एका जुन्या बिलामागे लिहून घेतलं आणि ३३५-ई बस पकडून परत गेले.

बुधवारी दुपारी एकला फोन आला. मागे दुकानातला गलका. "अक्का, ती हातच लावत नाही. मी वेगळं केलं तर चालेल का? सुलटी मांडतो. सगळी."

"सुलटी? अहो, पत्ते सुलटे मांडून कुणी ओढतं का?"

"पालथं पान कोण घेईल अक्का? साडी घडीतच ठेवली तर पार्टी उठून जाते की."

हा माणूस चाळीस वर्षं चिकपेटच्या एका घाऊक दुकानात पांढऱ्या गादीवर बसून साड्या उलगडत होता. एका पार्टीपुढे, म्हणजे गिऱ्हाइकापुढे, साठ-सत्तर साड्या, प्रसंगी पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचा. त्यांनीच एकदा मला त्यातलं मर्म सांगितलं. बाई तोंडानं म्हणते मला मोरपंखी पाहिजे, पण हात जाऊन थांबतो दुसऱ्याच साडीवर. मुरलेला विक्रेता बोलणं ऐकत नाही, हात बघतो. हात थांबला की बाकीचा माल उचलायचा. बाईला स्वतःला कळायच्या आत दुकानदाराला कळलेलं असतं, तिला काय हवंय.

मला हसू आलं, पण क्षणभरच. बारा वर्षं पत्ते पिसून मला जे सुचलं नव्हतं ते ह्यांना तीन दिवसांत सुचलं होतं. नशिबानं कुठलं पान येतं ह्याला आपल्या दृष्टीनं काय महत्त्व? तिचा हात कुठं थांबतो, तेवढंच बघायचं होतं. "मांडा," मी म्हणाले.

मग रोज एकला फोन. सकाळी दुकानात जाण्याआधी ते तिच्या खोलीत जमिनीवर पांढरी चादर अंथरायचे, पानं ओळीनं मांडायचे आणि समोर बसून राहायचे. पाव तास. मग एकेक पान उचलून डब्यात. पहिले दोन दिवस तिनं मान वळवली नाही. तिसऱ्या दिवशी वळवली.

"आज बघितलं अक्का! सगळ्या ओळी बघितल्या."

"आणि?"

"मग भिंतीकडे वळली."

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. पहिली ओळ, दुसरी ओळ, शेवटची ओळ, मग भिंत. चाळीसावा दिवस गेला, पंचेचाळिसावा गेला. व्यंकोजींचा आवाज रोज थोडा थोडा खाली जात होता. घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या त्यांनी काढून टाकल्या होत्या. तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी आडवे पडून झोपायचे, म्हणजे डोळे मिटायचे. दुकानात हातून चुका व्हायला लागल्या. एका बाईनं रंग जुळवायला आणलेली तिचीच जुनी साडी तिला नवी म्हणून उलगडून दाखवली. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी, अगदी ठेवता ठेवता, तो प्रश्न: "राहील ना, अक्का?"

'होईल हो सगळं ठीक' हे वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसायचं आणि मी ते गिळायचे. गिळून गिळून मला अपचन झालं. पद्माकर म्हणाले, "त्या गृहस्थांना स्पष्ट सांग, की हे तुझ्या आवाक्यातलं नाही." बरोबरच होतं त्यांचं. पण माणूस इतका अगतिक होऊन रोज फोन करतो, त्याला आवाक्याचं गणित कसं शिकवायचं? मी म्हटलं, येत्या रविवारी मी स्वतः येते.

चिकपेटला लागूनच, कॉटनपेटच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. व्यंकोजींच्या बायकोनं, अंबुबाईंनी दार उघडलं. दाराला कडीच्या जागी फक्त चार भोकं होती. त्यांनी कॉफी पुढं केली आणि माझ्याकडे सरळ न बघता म्हणाल्या, "मला ती पानं बेडा, अक्का. नकोत घरात. पण पोर दुसरं कशाकडे बघतच नाही, मग मी कसं नको म्हणू?"

अक्षरा खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. केस अंबुबाईंनी तेल लावून घट्ट विंचरलेले, शाळेतल्या मुलीसारखे. तिला बघितलं आणि मला चेहरा आठवला. कुठं बसली होती, काय म्हणाली होती, सगळं. ते मी पुढं सांगते, कारण त्या क्षणी मला त्याचा विचार करायला वेळ मिळाला नाही. व्यंकोजींनी चादर अंथरली होती.

मी त्यांना मांडताना बघत राहिले. काय हात होता! एकही पान वाकडं नाही, दोन पानांमधलं अंतर तेवढंच, साडीचा काठ जुळवावा तशी ओळ जुळवलेली. सूर्य, पेले, काठ्या, घोडेस्वार, राण्या. मांडून झाल्यावर ते मागे सरकून मांडी घालून बसले, हात मांडीवर, नजर तिच्या हातांवर.

अक्षरानं मान वळवली. नजर पहिल्या ओळीवरून गेली. सावकाश नाही, भराभर. दुसरी ओळ. तिसरी. ती बघत नव्हती, शोधत होती. गर्दीत आपल्या माणसाला शोधतो तशी. शेवटच्या पानापर्यंत नजर पोचली, क्षणभर तिथंच थांबली, आणि तिनं डोळे मिटून घेतले. मग भिंत.

मी पुन्हा पानांकडे बघितलं, ओळ ओळ धरून. तलवारी नव्हत्या. टॅरोच्या पत्त्यांत चार रंग असतात, त्यातला एक अख्खा रंग तलवारींचा, चौदा पानं. त्यातलं एकही चादरीवर नव्हतं. मृत्यूचं पान नव्हतं. वीज पडून कोसळणारा मनोरा नव्हता.

मी व्यंकोजींना बाहेर जिन्यावर घेऊन गेले. "बाकीची पानं कुठं आहेत?"

त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला आणि रबर लावलेला एक छोटा गठ्ठा बाहेर काढला. मी तिथंच पायरीवर बसून मोजली. एकोणीस. चौदा तलवारी. मृत्यू, मनोरा, सैतान, उलटा टांगलेला माणूस. आणि सांडलेल्या पेल्यांपुढे काळी शाल पांघरून उभा असलेला एकटा माणूस.

"का काढलीत ही?"

"लग्नाच्या पार्टीपुढे काळी साडी उलगडत नाहीत, अक्का," ते इतक्या साधेपणानं म्हणाले की जणू मीच काही वेडगळ विचारलं होतं. "पहिल्या दिवशी दुकानात पाय ठेवला तेव्हा मालकांनी हेच शिकवलं. काळं, अशुभ, रडकं समोर येऊच द्यायचं नाही. चांगलं चांगलं दाखवायचं. मन आपोआप वळतं."

"अहो, मन वळवायला हे दुकान आहे का? ती काय साडी घ्यायला बसलीय?" माझा आवाज चढला. खालच्या मजल्यावरची बाई बाहेर येऊन बघायला लागली, तरी मला थांबवेना. "पत्ते तिचे आहेत. तिला एकेक पान पाठ आहे. रोज सकाळी ती तिचं पान शोधते आणि रोज सकाळी तिला कळतं, की बापानं ते काढून ठेवलंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार देताय तुम्ही पोरीला!"

व्यंकोजींनी गठ्ठा माझ्या हातातून परत घेतला. मग ते हळू आवाजात बोलायला लागले. "घरात मी विळी ठेवलेली नाही, अक्का. सुरी नाही, कात्री नाही. अंबुबाई खाली ह्यांच्याकडे जाऊन भाजी चिरून आणते. आणि तुम्ही म्हणता, तलवारी पोरीपुढे मांड. कशा मांडू? माझ्या हातानं? ह्या पानावर बाई अंथरुणात उठून तोंड झाकून बसलीय. माझी पोर अशीच बसते. मला बघवत नाही. मी काढून खिशात ठेवली. दिवसभर माझ्या छातीशी असली तर तिच्यापासून लांब राहतील, असं वाटलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. काय म्हणणार होते मी ह्या माणसाला? आणि कुठल्या तोंडानं?

कारण मला आठवलं होतं. डिसेंबरमधला शनिवार. अक्षरा चपलांच्या कपाटाजवळ बसली होती, कोपऱ्यात. तिनं पान ओढलं तर नेमकं तेच निघालं, नऊ तलवारींचं, अंथरुणात तोंड झाकून बसलेली बाई. ती त्या पानाकडे बघत म्हणाली, "मॅम, ही रोज अशीच उठते का?" आणि मी, स्वतःशी खरं बोला म्हणून ऐटीत सांगणारी मी, हसून म्हणाले, "अगं, काळजी आहे नुसती, पहाट होतेच!" आणि पुढच्या मुलीकडे वळले. पुढचीला सूर्य आला होता. त्यावर आम्ही वीस मिनिटं गप्पा मारल्या. अक्षरा परत एकदाच आली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. आपल्या घराघरांतून ती शिकवण आईच्या दुधाबरोबर मिळते. व्यंकोजींनी पानं खिशात झाकली, मी हसण्यात झाकली. त्यांनी निदान पोरीच्या मायेनं झाकली होती. मी का झाकली? वर्गाचा मूड जाऊ नये म्हणून. मी त्यांना हे सगळं तिथंच पायरीवर सांगून टाकलं. मला वाटलं, हा माणूस आता मला हाकलून देईल. ते नुसतं म्हणाले, "तुम्हालाही भीती वाटली असेल, अक्का." नव्हती वाटली. माझं लक्षच नव्हतं.

"व्यंकोजीअण्णा," मी म्हणाले, "ही पानं परत ठेवायची की नाही, हे मी ठरवणार नाही. उद्या डॉक्टरीणबाईंना विचारा. जसं आहे तसं सगळं सांगा."

सोमवारी ते सुट्टी टाकून एकटेच डॉक्टरांकडे गेले. दुपारी फोनवर त्यांनी मला डॉक्टरांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं, बिलामागे लिहून आणलं होतं. पानं खुशाल ठेवा. आणि तिनं त्यातलं काही उचललं तर आडून आडून विचारू नका, सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. असं विचारल्यानं ते मनात शिरत नाही. असतं ते बाहेर यायला वाट मिळते. ती हो म्हणाली तर घाबरून रागावू नका, उपदेश करू नका, एकटं सोडू नका आणि त्याच पावली तिला घेऊन माझ्याकडे या.

"हे माझ्या तोंडून कसं निघेल, अक्का?" ते म्हणाले. "हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. तो सोडून सगळं बोलतो आम्ही."

"तिलाही तेच वाटत असेल," मी म्हणाले.

मंगळवारी त्यांनी अठ्ठ्याहत्तर पानं हातात घेतली आणि एकोणसाठच मांडली. एकला फोन आला. "नाही झालं." मी चिडले नाही. बुधवारी चौदा तलवारी चादरीपर्यंत गेल्या आणि पुन्हा खिशात आल्या. अक्षरानं त्या दिवशी मानच वळवली नाही. पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा. चादर, पानं, बाप, कशाकडेच बघितलं नाही. अंबुबाईंनी दिलेला घासही तिनं घेतला नाही.

"आता बघतही नाही," व्यंकोजी म्हणाले. "ती चालली, अक्का. मला दिसतंय. बसल्या जागेवरून चाललीय." आणि फोनवर, दुकानातल्या त्या गलक्यात, साठीचा माणूस हुंदके द्यायला लागला. मागे कुणीतरी कांजीवरमचा भाव विचारत होतं. मी म्हणाले, डॉक्टरांना आत्ता फोन करा, ती खात नाही म्हणून सांगा. त्यांनी केला. डॉक्टर म्हणाल्या, तिच्याजवळून हलू नका, उद्या काहीही झालं तरी तिला घेऊन या.

ती दुपार मी कशी काढली ते मलाच ठाऊक. चहा नको झाला. माझे स्वतःचे पत्ते समोर होते, पण हात लावायची हिंमत झाली नाही. पद्माकर रमीचं नावही न काढता शेजारी बसून राहिले.

गुरुवारी सकाळी सव्वादहालाच फोन वाजला. एकच्या ऐवजी सव्वादहा. स्क्रीनवर व्यंकोजींचं नाव होतं. मी फोन पद्माकरांच्या हातात दिला. त्यांनी तो तसाच माझ्या हातात परत दिला आणि माझा खांदा धरून उभे राहिले.

"अक्का, आम्ही आस्पत्रीत आहोत."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"अक्का, ऐकता ना? आस्पत्रीत. डॉक्टरीणबाई आत आहेत तिच्याजवळ. ॲडमिट करून घेतायत."

"काय झालं?" मी कसंबसं विचारलं. "काय केलं तिनं?"

"काही केलं नाही. काही केलं नाही अक्का." ते धापा टाकत होते, जिना चढून आल्यासारखे. "सगळी मांडली मी आज. अठ्ठ्याहत्तर. ओळी सगळ्या वाकड्या आल्या. तिनं मान वळवली. वाकून बघायला लागली. आणि हात पुढं केला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हात पुढं केला, आणि थांबलाच नाही कुठं, सरळ त्या बाईवर गेला. ते पान उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं."

"मग?"

"मग मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं. जीव द्यावासा वाटतो का, अक्षरा, म्हटलं. सरळ."

पलीकडं ते थांबले. आस्पत्रीतल्या माणसांचे आवाज, कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.

"हो म्हणाली, अक्का," व्यंकोजी म्हणाले. ते रडत होते, मोठ्यानं, लाज न बाळगता. "हो अप्पा, रोज वाटतं, म्हणाली. मरावंसं वाटतं म्हणाली." आणि मग, तान्ही पोर पहिला शब्द बोलली की बाप गल्लीभर सांगत सुटतो ना, तशा आवाजात ते ओरडले, "बोलली, अक्का! माझ्याशी बोलली!"